मलय भाषेचा तास : शिक्षक-पालकांचे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं जपानी शिकू लागली, ही २०२० मधली बातमी अनेकांना आठवत असेल. प्राथमिकच्या मुलांना परदेशी भाषेची ओळख झेपते आणि आवडतेही, हे त्यातून दिसलं. या वेळच्या पत्रांमध्ये मलय भाषा आणि संस्कृती शिकवण्याबद्दलचे प्रश्न आहेत. बरेचसे प्रश्न शाळांमधल्या 'आनंददायी शनिवार' उपक्रमाच्या तासासाठी आहेत, एक परदेशी निघालेल्या पालकांचा आहे.

मलय म्हणजे मल्याळमच ना? आमच्या शाळेत निम्म्या शिक्षकांचा तसा समज आहे. आणि इंडोनेशियाची भाषा हीच का? — शिक्षक, सेलू

नाही. मल्याळम ही केरळची द्राविडी भाषा. मलयचं कूळ ऑस्ट्रोनेशियन. फिलिपिन्समधली तागालोग, न्यूझीलंडची माओरी आणि आफ्रिकेजवळच्या मादागास्करची मालागासी या तिच्या नात्यातल्या भाषा. मलेशियाची ती राष्ट्रभाषा आहे, ब्रुनेईची अधिकृत भाषा आहे. सिंगापूरचीही राष्ट्रभाषा तीच, आणि तिथलं राष्ट्रगीत मलयमध्येच आहे.

इंडोनेशियाची भाषा मलयवरच उभी राहिली, त्यामुळे दोन्हीकडचे लोक एकमेकांचं बरंचसं समजतात. वर्गासाठी मात्र दोन्ही मिसळू नका. आठला मलेशियात 'लापान' म्हणतात, इंडोनेशियात 'दलापान'. 'करेता' म्हणजे मलेशियात मोटारगाडी, इंडोनेशियात आगगाडी. 'पर्चुमा' मलेशियात फुकट, इंडोनेशियात व्यर्थ. मोबाइलवर बालगीतांचे व्हिडिओ शोधताना इथेच घोटाळा होतो. आकडे ऐकून बघा. 'दलापान' ऐकू आलं की तो व्हिडिओ इंडोनेशियाचा, बाजूला ठेवा. शंका आली तर मलेशियातल्या 'देवान बाहासा दान पुस्ताका' या १९५६ साली स्थापन झालेल्या भाषासंस्थेचा कोश प्रमाण धरा. तो इंटरनेटवर विनाशुल्क पाहता येतो.

तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गाला शनिवारी ४० मिनिटं मिळतात, असे आठ शनिवार आहेत. सुरुवात मुळाक्षरांपासून करावी की रंग, फळं, प्राणी यांच्या यादीपासून? — शिक्षिका, उदगीर

दोन्हींपासून नको. पहिले तीन शनिवार फळ्यावर एकही मलय शब्द लिहू नका. आधी कान, मग तोंड, लिहिणं सगळ्यांत शेवटी. अक्षर दिसलं की मूल ऐकायचं थांबवतं आणि इंग्रजीच्या सवयीनं वाचायला लागतं.

याद्यांची अडचण वेगळी आहे. रंगांची दहा नावं एका तासात पाठ होतात आणि पुढच्या शनिवारी दोनही उरत नाहीत, कारण आठवडाभरात ती नावं घेऊन मुलांना काही करायचंच नसतं. एका तासाला सहा ते आठच नवे शब्द घ्या, पण ते हातापायांनी वापरता येतील असे. आठ तासांत पन्नासेक शब्द पक्के झाले तर काम उत्तम झालं असं समजा.

पहिल्या तासाला फक्त भेटणं. मुलं उभी राहतात, तुम्ही म्हणता 'सलामात पागी' (शुभ सकाळ), मुलं म्हणतात 'सलामात पागी, चिकगू'. चिकगू म्हणजे शिक्षक, आणि तो शब्द बाई आणि सर दोघांनाही चालतो. मग 'नामा साया…' म्हणून प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं. 'आपा खाबार?' (काय खबर?) याला उत्तर 'खाबार बाइक' (खबर बरी). आभार मानायचे तर 'तरिमा कासिह्', आणि त्यावर समोरचा म्हणतो 'सामा-सामा'. एवढं पुरे. हेच शब्द सोमवार ते शुक्रवार रोजच्या हजेरीला दोन मिनिटं वापरा. शनिवारच्या ४० मिनिटांपेक्षा ही रोजची दोन मिनिटं जास्त कामाची आहेत.

दुसऱ्या तासाला आज्ञा. 'बर्दिरी' म्हटलं की उभं राहायचं, 'दुदूक' म्हटलं की बसायचं, 'जालान' म्हणजे चाला, 'लोम्पात' म्हणजे उडी, 'आङकात ताङान' म्हणजे हात वर. आधी तुम्ही बोला आणि स्वतः करा, मुलं बघतील. मग तुम्ही बोला, मुलं करतील, पण तुम्ही हलू नका. शेवटी एका मुलाला आज्ञा द्यायला उभं करा. दुसरी पायरी गाळली तर मुलं शब्द न ऐकता तुमच्याकडे बघून उड्या मारतात, आणि शब्द आल्याचा भास होतो.

सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेण्यातही हाच धोका आहे. चाळीस मुलांच्या गजरात दहा जण नुसते ओठ हलवतात. एका रांगेतल्या सहा-सात जणांकडून म्हणवून घ्या, मग दुसरी रांग.

तिसऱ्या तासाला एक ते दहा : सातू, दुआ, तिगा, अम्पात, लीमा, अनाम, तुजुह्, लापान, सम्बिलान, सपुलुह्. पुढच्या शनिवारी याच आकड्यांवर 'साङ कांचिल' ची गोष्ट खेळायची. कांचिल म्हणजे आपल्याकडच्या पिसोरी हरणाच्या जातीचं, सशाएवढं चिमुकलं हरीण. मलय लोककथांमधला चतुर प्राणी तो हाच. त्याला नदीपलीकडची फळं हवी असतात आणि पाण्यात मगरी असतात. राजानं तुमची मोजदाद करायला सांगितलंय असं तो मगरींना पटवतो, त्यांना ओळीनं उभं करतो आणि एकेकीच्या पाठीवरून मोजत पलीकडे निघून जातो. मैदानात खडूनं दहा गोल आखा, प्रत्येक गोलाशेजारी एक मगर बसवा, आणि कांचिल झालेल्या मुलानं गोलागोलांत उडी मारत आकडे मोठ्यानं म्हणायचे. आकडा चुकला तर त्या गोलाशेजारची मगर कांचिल होते. प्रत्यक्ष पाठीवरून उड्या मारू देऊ नका.

आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. मलय रोमन लिपीत लिहितात म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं, पण मुलं सगळं इंग्रजीसारखं वाचतात. — शिक्षक, लातूर

हे होणारच. मलयच्या रोमन लेखनाला 'रूमी' म्हणतात. अक्षरं तीच असली तरी त्यांचे उच्चार इंग्रजीहून वेगळे आणि बरेच नियमित आहेत. मराठी बोलणाऱ्या मुलाला ते खरं तर सहज जमतात. मात्र त्याला इंग्रजीच्या वाटेनं नेऊ नका, देवनागरीच्या वाटेनं न्या.

'टी' हे अक्षर मलयमध्ये 'त' आहे. म्हणून 'तिगा', 'टिगा' नव्हे. 'डी' साठी 'द' म्हणा, 'ड' नको. 'सी' हे अक्षर कधीच 'क' किंवा 'स' होत नाही, ते नेहमी 'च'. १९७२ च्या लेखनसुधारणेपूर्वी मलेशियात 'च' साठी इंग्रजीसारखी 'सी' आणि 'एच' ही दोन अक्षरं लिहीत. त्या वर्षी मलेशिया आणि इंडोनेशियानं लेखन एकसारखं केलं आणि 'एच' गळाला. शिवाय हा 'च' चंद्रातला, चाकातला नव्हे. तसाच 'ज' जन्मातला, जगातला नव्हे. मराठवाड्यातली मुलं आकारापुढे सवयीनं चाकातला 'च' काढतात, तेव्हा तिथे एकदा थांबून दोन्ही उच्चार कानावर घाला.

'ई' (e) या अक्षराचे दोन उच्चार आहेत आणि रूमीत ते एकाच चिन्हानं लिहिले जातात. 'मेजा' (टेबल) मध्ये तो 'ए' आहे, 'अम्पात' मध्ये 'अ'. इथे देवनागरी रूमीपेक्षा नेमकी ठरते, कारण आपल्याकडे 'अ' आणि 'ए' वेगळे आहेत. रूमीतलं 'ए' (a) हे अक्षर मात्र नेहमी मोकळा 'आ' असतं. शब्दाच्या शेवटी आलं तर मलेशियातले लोक बोलताना ते आखडतात, 'साया' ऐकायला 'साय' च्या जवळ जातं. लहान मुलांना पूर्ण 'आ' शिकवा, तोही प्रमाण मानला जातो.

सगळ्यांत अवघड जातं ते 'ङ'. मराठीत हे अक्षर मुळाक्षरांच्या तक्त्यात असतं, पण 'क', 'ग' यांच्याशिवाय सुटं सहसा उच्चारलं जात नाही. मुलं फुलाला 'बुंगा' म्हणतात, म्हणायचं असतं 'बूङा'. नदीला 'सूङाय', हाताला 'ताङान'. उपाय असा : 'रंग' म्हणायला सांगा आणि 'ग' फुटण्याआधीच थांबवा. नाकात जो आवाज घुमत राहिला तो 'ङ'. आता तोंड न मिटता त्याला 'आ' जोडा. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला बहुतेकांना जमतं. 'ञ' ही तसाच जिवंत आहे, डासाला 'ञामूक' म्हणतात.

शब्दाच्या शेवटचा 'क' गिळायचा असतो. 'दुदूक' म्हणताना 'क' साठी घसा बंद होतो आणि तिथेच शब्द संपतो. शेवटचा 'ह्' मात्र हलका का होईना ऐकू यायला हवा. 'कासिह्' चं 'कासी' होऊ देऊ नका.

चौथ्या शनिवारपासून रूमी शब्दाखाली देवनागरी लिहा. सहाव्यापासून ती पुसा. शेवटपर्यंत ठेवली तर मुलं वरची ओळ वाचतच नाहीत.

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना मलय भाषा अरबी वळणाच्या लिपीतही लिहितात असं कळलं आणि त्यांना ती शिकायची आहे. शक्य आहे का? — शिक्षिका, नांदेड

शक्य आहे, आणि उर्दू शाळांनी ही संधी जरूर घ्यावी. त्या लिपीचं नाव 'जावी'. ब्रुनेईत रस्त्यांवरच्या पाट्यांवर ती रूमीबरोबर दिसते, मलेशियात धार्मिक शिक्षणात वापरली जाते.

तुमच्या मुलांना बहुतेक अक्षरं आधीच येतात, म्हणून फक्त फरक शिकवा. 'च' दोन्हीकडे सारखाच. 'प' उर्दूत खाली तीन टिंबं देऊन लिहितात, जावीत मात्र 'फे' च्या डोक्यावर तीन टिंबं दिली की 'प' होतो. 'ग' साठी गाफची वरची दुसरी रेघ नाही, काफवर एक टिंब येतं. 'ङ' साठी ऐनवर तीन टिंबं, 'ञ' साठी नूनवर तीन टिंबं. ट, ड, ड़ यांची अक्षरं जावीत नाहीत, कारण भाषेत ते उच्चारच नाहीत. उर्दूची पुस्तकं नस्तालीक वळणात छापतात आणि जावी नस्ख वळणात, म्हणून पहिल्यांदा शब्द 'वेगळेच' दिसतील. कुराणाच्या नस्ख छपाईची सवय असलेल्या मुलांना तेही अडत नाही.

'इ' आणि 'ए' दोन्हींना ये, 'उ' आणि 'ओ' दोन्हींना वाव, आणि 'अ' बहुधा लिहीतच नाहीत. त्यामुळे न ऐकलेला शब्द जावीतून अचूक वाचता येत नाही. तोंडी पक्क्या झालेल्या शब्दांचीच जावी घ्या. पहिल्या दिवशी प्रत्येकाला स्वतःचं नाव लिहायला लावा. 'प' किंवा 'ग' असलेलं नाव वर्गात नक्की सापडेल, तिथूनच फरकाची चर्चा सुरू करा.

आकडे आले, वस्तूंची नावं आली, पण दोन्ही जोडली की मुलं चुकतात. — शिक्षक, वसमत

आकड्यांचा पुढचा भाग आधी पाहू, कारण तो मुलांना फार आवडतो. अकराला 'सबलास', बाराला 'दुआ बलास', असं एकोणीसपर्यंत आकड्यापुढे 'बलास'. वीस म्हणजे 'दुआ पुलुह्', एकवीस 'दुआ पुलुह् सातू', बहात्तर 'तुजुह् पुलुह् दुआ'. एकोणतीस, एकोणचाळीसची भानगड नाही. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आणली तेव्हा केवढी चर्चा झाली होती. मलय मुलं मोजतात ते याच पद्धतीनं. ज्यांना मराठी संख्यावाचन जड जातं त्यांना दशक-एकक समजायला या दहा मिनिटांचा उपयोग होतो, गणिताच्या तासालाही घ्या.

आता चूक. 'दुआ लम्बू' (दोन गाई) असं थेट जोडत नाहीत, मध्ये एक मोजशब्द लागतो. माणसांना 'ओराङ', प्राण्यांना 'एकोर', फळं-अंडी-गोट्या अशा छोट्या गोल वस्तूंना 'बीजी', लांब दांड्यासारख्या वस्तूंना 'बाताङ', घर, गाडी, पुस्तक यांना 'बुआह्'. म्हणून 'दुआ एकोर लम्बू', 'तिगा ओराङ मूरिद' (तीन विद्यार्थी). आपण 'तीन जण' म्हणतो, 'तीन माणूस' म्हणत नाही. 'जण' पासून सुरुवात केली की मुलांना नियम लगेच उमगतो. प्राथमिकला ओराङ, एकोर, बीजी हे तीनच घ्या. तीन टोपल्या ठेवा, पन्नास चित्रं कापून द्या, आणि मूल वस्तूचं नाव न घेता फक्त मोजशब्द म्हणून चित्र योग्य टोपलीत टाकेल असा खेळ घ्या.

दोन सूचना आणखी. अनेकवचन शब्द दोनदा म्हणून करतात, 'बुकू-बुकू' म्हणजे पुस्तकं. पण आकडा आला की शब्द एकदाच. आणि विशेषण नावाच्या मागे येतं. लाल पुस्तक म्हणजे 'बुकू मेराह्'. मराठी मुलं हमखास 'मेराह् बुकू' म्हणतात. नियम सांगत बसण्यापेक्षा वस्तू हातात घेऊन आधी नाव, मग रंग, अशी दहा वेळा सवय लावा.

मलयमधल्या संस्कृत शब्दांचा मोठा तक्ता करून 'मलय भाषा संस्कृतमधून निघाली' असं शीर्षक द्यायचा विचार आहे. — मुख्याध्यापक, अंबाजोगाई

तक्ता करा, शीर्षक बदला. ते खरं नाही. बाहासा, गुरू, राजा, नामा, मानुसिया, सिङा, गाजाह् हे शब्द आपले वाटतात, ते संस्कृतातून गेलेलेच आहेत. सुमात्रातल्या पालेमबांगजवळ सापडलेला कदुकान बुकित शिलालेख इ.स. ६८२-८३ च्या सुमाराचा, भाषा जुनी मलय, लिपी दक्षिण भारतातली पल्लव. इतका जुना हा संबंध आहे. पण हात, डोळा, पाणी, घर, खाणं, पिणं यांचे शब्द आणि सगळं व्याकरण मलयचं स्वतःचं आहे. शब्द उसने घेतले म्हणून भाषेचं कूळ बदलत नाही. मराठीतही अरबी-फारसी शब्द भरपूर आहेत.

तक्त्यात चार रकाने करा : संस्कृतचे, अरबी-फारसीकडून आलेले (दुनिया, खाबार, किसमिस), पोर्तुगीजांबरोबर आलेले (मेजा, नानास म्हणजे अननस), आणि खास मलय. अर्थ सरकलेले शब्द वेगळ्या रंगात लिहा. 'चिंता' म्हणजे तिकडे प्रेम, 'मासा' (मूळ 'मास', म्हणजे महिना) म्हणजे वेळ. आणि नुसत्या आवाजानं फसवणारेही दाखवा. 'माता' म्हणजे डोळा, 'काकी' म्हणजे पाय, यांचा आपल्या शब्दांशी काहीही संबंध नाही. वर्ग हसेल, हसू द्या, पण हे दोन शब्द पहिल्या दोन-तीन तासांत आणू नका. सगळा तास त्यातच जातो.

संस्कृतीची ओळख म्हणजे वेशभूषा आणि नाच एवढंच सुचतं. दुसरं काय करता येईल? — शिक्षिका, भूम

वेशभूषेवर पालकांचे पैसे खर्च होतात आणि मुलांच्या हाती एक फोटो येतो. घर, खेळ आणि वागण्याच्या रीती या तिघांत खूप जास्त आहे.

घरापासून सुरू करा. तुमच्या भागात जुनी माळवदाची घरं अजून उभी आहेत. जाड भिंती, लहान खिडक्या, वर मातीचं सपाट छत. मलय खेड्यातलं जुनं घर याच्या अगदी उलट : लाकडाचं, खांबांवर उचललेलं, मोठ्या खिडक्यांचं, उतरत्या छपराचं, छप्पर निपा जातीच्या ताडाच्या पानांचं. मुलांनाच विचारा, असं का? मराठवाड्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. क्वालालंपूरला अडीच हजारांच्या आसपास आणि बाराही महिने. विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम तीन अंशांवर असल्यामुळे तिथे थंडी-उन्हाळा असा फरक नाही, हवा कायम दमट. माळवदाची जाड भिंत दिवसाचं ऊन आत येऊ देत नाही. दमट हवेत मात्र वारा खेळला तरच बरं वाटतं, आणि खाली पुराचं पाणी वाहून जायला जागा हवी.

दोन प्रतिकृती करा. एक मातीची, दहा सेंटिमीटर उंच, वर चिखलाचं सपाट छत. तिला उन्हात दोन दिवस वाळू द्या, घाईनं वापरली तर आपोआप ढासळेल आणि प्रयोग फसेल. दुसरी पुठ्ठ्याची, पाच सेंटिमीटरच्या नऊ काड्यांवर उभी, छपराला मेणबत्ती घासून घ्या. दोन्ही परातीत ठेवून झारीनं एक लिटर पाणी ओता. मग दुसरा भाग विसरू नका : अशीच दोन घरं दुपारी बारा ते दोन उन्हात ठेवून आतलं तापमान मोजा. पहिल्या प्रयोगात मातीचं घर हरतं, दुसऱ्यात जिंकतं. फक्त पहिलाच केला तर 'आपलं घर वाईट' असा चुकीचा धडा मुलं घेऊन जातील.

खेळ म्हणजे चोङकाक. कर्नाटकातल्या अळगुळी मणेच्या जातीचा, त्यामुळे सीमेकडच्या गावांत आजी-आजोबांना ओळखीचा वाटेल. लाकडी पाटात समोरासमोर सात-सात खळगे आणि दोन्ही टोकांना एकेक मोठं घर. प्रत्येक खळग्यात सात बिया, म्हणजे एकूण ९८. बियांसाठी चिंचोके उत्तम. पाट नको, अंगणात आठ-नऊ सेंटिमीटर रुंद खळगे करा. अंड्याचा ट्रे कापला तर एका ओळीत सहाच खळगे मिळतात, मग सहा-सहा चिंचोके घाला, ७२ लागतील. मोठे चिंचोके ट्रेमध्ये मावत नाहीत आणि खेळ अर्ध्यात सांडतो, लहान निवडून घ्या.

ज्याचं घर त्याच्या डाव्या हाताला. आपल्या ओळीतला एक खळगा रिकामा करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एकेक बी टाकत जायचं. आपल्या घरात टाकायची, समोरच्याच्या घरात नाही. शेवटची बी आपल्या घरात पडली तर पुन्हा आपली पाळी. भरलेल्या खळग्यात पडली तर तिथल्या सगळ्या उचलून पुढे चालायचं. आपल्या बाजूच्या रिकाम्या खळग्यात पडली तर ती बी आणि समोरच्या खळग्यातल्या सगळ्या आपल्या घरात. समोरच्याच्या रिकाम्या खळग्यात पडली तर पाळी संपली. मुलं दोन चुका करतात : समोरच्याचं घर ओलांडायला विसरतात, आणि मूठभर बिया एकदम टाकतात. प्रत्येक बीबरोबर मलय आकडा मोठ्यानं म्हणायला लावा, दुसरी चूक लगेच थांबते.

रीतीभातींचं थोडक्यात : देणं-घेणं उजव्या हातानं, तर्जनीऐवजी उजव्या अंगठ्यानं दाखवणं, घरात शिरताना चपला बाहेर, मोठ्यांसमोरून जाताना वाकून जाणं, भेटल्यावर हातात हात देऊन तो हात छातीशी नेणं. मोठ्यांना 'तू' अर्थाचं सर्वनाम न वापरता 'पाक चिक' (काका), 'माक चिक' (मावशी), 'आबाङ' (दादा), 'काकाक' (ताई) म्हणणं. हे आपल्या मुलांना शिकवावंच लागत नाही, फक्त शब्द द्यायचे.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगा. मलेशियातले सगळे लोक मलय नाहीत. मलय मुस्लिम आहेत, त्यांचा मोठा सण हारी राया म्हणजे ईद. त्यांच्याबरोबर चिनी, तमिळ, इबान, कादाझान असे अनेक समाज राहतात. 'मलेशियन' आणि 'मलय' हे दोन शब्द मुलांनी वेगळे वापरले पाहिजेत.

मुलांना तिथला एखादा पदार्थ चाखवायचा आहे. खर्च कमी हवा, आणि शाकाहारी मुलंही आहेत. — शिक्षक, निलंगा

नासी लमाक करा. नारळाच्या दुधातला भात, सोबत मिरचीचं सांबाल, भाजलेले शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, उकडलेलं अंडं आणि तळलेली सुकी मासळी. मासळी गाळा, अंडी वेगळ्या ताटात ठेवा. सांबालमध्ये मुळात वाळलेल्या कोळंबीचा गोळा घालतात, तोही वगळा : भिजवलेल्या लाल मिरच्या, कांदा, चिंच, गूळ, मीठ वाटून तेलावर तेल सुटेपर्यंत परता.

तीस मुलांना चाखायला एक किलो तांदूळ पुरतो. पाणी आणि नारळाचं दूध मिळून १.८ लिटर, त्यात दूध ६०० मिलिलिटर. दोन मोठ्या नारळांचं घट्ट दूध साधारण तेवढं निघतं. आल्याचे चार तुकडे, चार चमचे मीठ. तिकडे भातात पांदान नावाचं सुवासिक पान घालतात. ते आपल्याकडे सहज मिळत नाही, पण आंबेमोहोराचा वास त्याच जातीचा असतो, म्हणून तांदूळ आंबेमोहोर घ्या. कढीपत्ता घालू नका, भाताची चवच वेगळीकडे जाते.

बिघडतं ते आचेवर. सगळं दूध सुरुवातीला घालून मोठ्या आचेवर ठेवलं तर दूध फाटतं आणि तळ लागतो. आधी पाण्यात भात अर्धा शिजवा, मग दूध घालून मंद आचेवर झाकण ठेवा. नारळाचा भात लवकर आंबतो, सकाळी केला तर दुपारच्या आत संपवा. शेंगदाण्याची किंवा अंड्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे आदल्या दिवशीच पालकांना विचारून ठेवा.

नोकरीनिमित्त मलेशियातल्या जोहोर बारूला जात आहोत. मुलगी तिसरीत आहे. दोन महिन्यांत तिला काय शिकवू? — पालक, छत्रपती संभाजीनगर

व्याकरण नको, अडचणीत लागणारी वाक्यं द्या. 'साया तिदाक फाहाम' (मला समजलं नाही), 'तोलोङ' (मदत करा किंवा कृपया), 'बोलेह् साया पर्गी क तांदास?' (शौचालयात जाऊ का?), 'साया नाक आयेर' (मला पाणी हवं). बोलताना मुलं 'तिदाक' चं 'ताक' करतात आणि 'हंदाक' चं 'नाक'. फक्त पुस्तकी रूपं शिकवली तर पहिले काही दिवस मैदानावर तिला काहीच कळणार नाही, दोन्ही ऐकवा. तिथे पहिलीत मूल सातव्या वर्षी जातं आणि प्राथमिक शाळा सहा वर्षांची असते, त्यामुळे इयत्तेचा आकडा इथल्याशी जुळेलच असं नाही. वयावरून विचारणा करा. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलची वेळ ठरवताना : तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

कविता शिकवायची असेल तर? — शिक्षक, हिंगोली

पांतुन घ्या. चार ओळी, प्रत्येकीत साधारण आठ ते बारा उच्चारखंड, पहिलीचं यमक तिसरीशी, दुसरीचं चौथीशी. पहिल्या दोन ओळींत निसर्गातलं एखादं चित्र, पुढच्या दोन ओळींत सांगायचं ते. युनेस्कोनं २०२० मध्ये पांतुनला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतही पहिल्या ओळीत शेत, पाऊस, वाट येते आणि मनातलं पुढे उलगडतं. तुमच्याकडच्या आज्यांकडून चार ओव्या मिळवा, त्या वर्गात आधी म्हणा.

मग मराठीतच पांतुन रचायला लावा, म्हणजे घाट हाताला बसेल. नमुन्याला हा घ्या :

शेताच्या बांधावर पिकली बोरं,
पाखरं उडाली चोचीत दाणा;
पाहुणे आले की धावती पोरं,
गोड बोलून त्यांना घरात आणा.

मुलांना आधी तिसरी-चौथी ओळ लिहू द्या, कारण सांगायचं काय ते ठरलं की यमकाला शब्द सापडतो. पहिली-दुसरी ओळ मागून. पहिलीपासून सुरुवात केलेल्या मुलांचं चित्र छान जमतं आणि तिसऱ्या ओळीला ती अडकून बसतात. चौघांचा एक गट करा, एकेकानं एक ओळ धरायची, आणि तयार झालेलं पांतुन दोन गटांनी आळीपाळीनं म्हणायचं. मलय लग्नांमध्ये वर आणि वधू यांच्या बाजूचे लोक एकमेकांना पांतुनातूनच उत्तरं देतात. पाचवीच्या मुलांनी हा भाग लवकर उचलला तर शेवटच्या दोन शनिवारी एखाद-दुसऱ्या ओळीच्या शेवटी मलय शब्द घालायला सांगा : 'बूङा' ला 'मुंगा', 'सातू' ला 'जातू' असं यमक ती स्वतःच शोधतात.